एका तासाला एकच विषय

मी आज जो काही आहे तो त्र्यंबक सोनू महाजन यांच्यामुळे आहे, हे आधीच लिहून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. आता मी इंदूरला एका रुग्णालयात डॉक्टर आहे. कुठे बोलायची वेळ आली की मी महाजन सरांचं नाव घेतो आणि लोक विचारतात, "जीवशास्त्राचे सर होते का?" नाही. महाजन सर भूगोल शिकवायचे.

बुऱ्हाणपुरातल्या आमच्या मराठी शाळेत ते भूगोलाचे एकटेच शिक्षक. मी जवळच्या फोपनार गावाहून बसने यायचो. सरांचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, छातीच्या खिशात निळे खडू, त्यामुळे खिशावर कायमचा निळा ढग. धोब्याने एकदा काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, विचारलं होतं की साहेब शाई पितात का. निळा खडू नदीसाठी. बाकी डोंगर, सीमा, शहरं सगळं पांढऱ्यात, पण नदी निळीच हवी. आणि आपली ताप्ती ते एका दमात काढायचे. फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात मुलताईला खडू टेकवायचा आणि हात न उचलता तिरकं खाली येत डाव्या टोकाला सुरतेला समुद्रात सोडायचा. वळणं सगळी जागच्या जागी. नदी संपली की सर वळून बघायचे, आणि त्या क्षणी वर्गात कुणी खोकलेलं त्यांना चालायचं नाही.

आम्ही वहीत काढायला लागलो की हात आपोआप डावीकडून सुरू व्हायचा, लिहायची सवय तशीच असते. मग मागून आवाज यायचा, "बैला, नदी समुद्रातून निघून डोंगरावर चढते का?" खोडायचं आणि मुलताईपासून पुन्हा काढायचं. बैल हा सरांचा एकच शब्द. इतर शिक्षकांकडे गाढव, घोडा, म्हैस असा पुष्कळ माल होता. सरांकडे एवढा एकच प्राणी, आणि तो ते रागाने वापरायचे नाहीत. मुलींनाही बैलच म्हणायचे. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी नर्मदा भलतीकडे वळवली तेव्हा सरांच्या तोंडात तो शब्द आलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. त्यांनी तो गिळला आणि पाणी मागितलं.

पुढे वैद्यकीय कॉलेजात रक्तवाहिन्यांच्या आकृत्या काढायची वेळ आली तेव्हा मुलं कुठूनही सुरुवात करत. माझा हात रक्त जिथून निघतं तिथूनच सुटायचा. धमनी हृदयाकडून बाहेर, शीर बाहेरून हृदयाकडे. तिथल्या सरांनी विचारलं, "ही शिस्त कुणी लावली?" मी म्हणालो, भूगोलाच्या सरांनी. ते हसले. त्यांना थट्टा वाटली.

सरांचा दुसरा नियम नदीपेक्षा कडक होता. एका तासाला एकच विषय. शहराबाहेर कुंडी भंडारा आहे, जमिनीखालून डोंगराचं पाणी शहरात आणणारी जुनी व्यवस्था. ती शिकवताना एका मुलाने विचारलं, "सर, हे बांधलं कुणी?" सर म्हणाले, "कुणी बांधलं हे इतिहासाच्या तासाला विचार. पाणी कुठून येतं ते मी सांगतो." इतिहासाचे शिक्षक शेजारच्याच वर्गात होते आणि सर इतिहासात एम. ए. होते. तरीही नाही.

घरीही हेच. जेवताना जेवणाचंच बोलायचं. भाजी कशी झाली, वांगी कुठली, एवढंच. काकू हे सहन करत करत त्यात तरबेज झाल्या होत्या. त्या म्हणायच्या, "यांच्याशी सिलेंडरचं बोलायचं तर सिलेंडरजवळ जाऊन उभं राहावं लागतं." आणि खरंच, लोधीपुऱ्यातल्या त्यांच्या छोट्या घरात मी त्या दोघांना सिलेंडरच्या दोन बाजूंना उभं राहून चर्चा करताना पाहिलंय.

या नियमाचा मला जो फायदा झाला तो सांगतो. दहावी झाली आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ठरवलं की आता पोरगं केळीत घालायचं. माणसं मिळत नव्हती, त्यांचंही बरोबर होतं. मी सरांना जाऊन सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "येतो."

रविवारी ते बसने फोपनारला आले. आप्पा मळ्यात होते. सर चपला हातात घेऊन बांधावरून तिथवर गेले आणि पाण्याच्या टाकीजवळ बसले. मी जरा लांब उभा राहून वाट बघत होतो की आता विषय निघेल. सरांनी विचारलं, रोपं कुठली. मग खत. मग ठिबकच्या नळ्या किती वर्षं टिकतात. मग करपा. जेवणं झाली. सर घडाखाली उभे राहून फण्या मोजत होते. आप्पा खुलले होते, एवढं ऐकून घेणारा माणूस त्यांना कधी भेटला नव्हता. संध्याकाळच्या बसने सर निघून गेले. माझ्या शिक्षणाबद्दल एक अक्षर नाही.

आप्पा रात्रभर चुळबुळत राहिले. सकाळी म्हणाले, "मास्तर एवढ्या लांब आला तं काहून आला असंन? काही मांगायचं असंन बिचाऱ्याले, लाजला." आणि केळीची एक फणी घेऊन ते स्वतः लोधीपुऱ्यात पोचले. मी मागे मागे.

सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "पाटील, तुमच्या मळ्यात मी मळ्याचं बोललो. आता तुम्ही शिक्षकाच्या घरी आलात. आता पोराचं बोलू."

आप्पांना हसू आलं आणि तिथेच ते हरले. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "तुहा मास्तर लई चालू माणूस हाय. शिक तू." आप्पांच्या तोंडून कुणाचं इतकं कौतुक मी आधी ऐकलं नव्हतं.

तर ज्या नियमाने मला डॉक्टर केलं, त्याच नियमाने सरांचा उजवा हात जवळजवळ घालवला होता. ती गोष्ट आता येते.

मी इंदूरला शिकून तिथेच कामाला लागलो होतो. दिवाळीला घरी आलो की सरांकडे जाणं ठरलेलं. त्या वर्षी गेलो तर सर मोजे घालून बसलेले. बुऱ्हाणपुरात दिवाळीतही दुपारी पंखा लागतो. त्यात चहाचा कप त्यांनी रुमालाने धरला होता, आणि डाव्या हाताने. मी काही विचारायच्या आत त्यांनीच शर्टाचं वरचं बटण काढलं.

"हे बघ. तुझ्या विषयातलं आहे."

गळ्याखाली उजवीकडे, हासळीचं हाड जिथे छातीच्या हाडाला मिळतं तिथे, सुपारीएवढा उंचवटा. बोट लावलं तर सर खुर्चीतच मागे सरकले. हात किती वर जातो विचारलं, तर खांद्यापर्यंत कसाबसा गेला आणि तिथे त्यांचं तोंड वाकडं झालं.

"हाडाचे डॉक्टर म्हणतात, आधी वाटलं क्षय, तो नाही. आता गाठ असेल, वाईटही असू शकते. मोठ्या शहरातल्या सर्जनकडे पाठवलं होतं. ते म्हणतात हाडाचा हा भाग काढूनच टाकू. पुढच्या महिन्याची तारीख दिलीय." मग म्हणाले, "त्यानंतर फळ्यावर लिहिता येईल का, एवढंच तुला विचारायचं होतं. माझी नोकरी आता थोडीच राहिली. पण आहे तेवढी."

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि पायाचं सांगा की."

"तो विषय नाही आत्ता."

"कसा नाही? डॉक्टर बसलाय समोर."

"त्याचे डॉक्टर वेगळे आहेत. हाडाचं चाललंय ना? मग हाडाचं होऊ दे."

"मोजे काढा."

"अगं, पाहुणा आहे."

"पाहुणा कुठला, इथे पिठलं खाऊन मोठा झालाय तो." असं म्हणून काकूंनी मोज्याला हातच घातला.

तळपायांवर बारीक पिवळे पुवाचे फोड होते, काही सुकून तपकिरी झालेले, कातडी पापुद्र्यासारखी निघालेली. मग मी हात मागितले. तळहातांवरही तेच.

सर शांतपणे म्हणाले, "खडू बाधला. इतकी वर्षं खडूत गेली. होणारच."

काकू म्हणाल्या, "मी पण हेच मानत होते बरं का. मग एक दिवस विचारलं, तुम्ही पायानेही खडू धरता का?"

सर पंख्याकडे बघत बसले.

मी विचारलं, "सर, कातडीच्या डॉक्टरांना छातीचं सांगितलंत?"

"त्यांच्या दारावर काय लिहिलंय? त्वचारोग. हाडाचं सांगून त्यांचा वेळ का खायचा?"

"आणि हाडाच्या डॉक्टरांना हातापायाचं?"

"ते तपासायचे तेव्हा मी मुठी मिटून ठेवायचो. बरं दिसत नाही. त्यांना वाटेल, दुसऱ्याकडचा आजार आपल्याकडे घेऊन आला." मग जरा समजावणीच्या सुरात, "रवींद्र, गणिताच्या सरांना कुणी संस्कृतचा पेपर तपासायला देतं का?"

काकूंनी आतून दोन पिशव्या आणल्या. लाल पिशवीत कातडीचे कागद, हिरवीत हाडाचे. दोन्ही पिशव्यांच्या खुंट्याही वेगळ्या भिंतींवर होत्या.

मी फार हुशार म्हणून मला काही सुचलं असं नाही. आमच्या विभागाच्या प्रमुख मॅडमनी काही दिवसांपूर्वीच असा एक पेशंट आम्हाला दाखवला होता, एवढंच. सरांच्या परवानगीने मी हातापायांचे आणि छातीचे फोटो काढून मॅडमना पाठवले. पाच-दहा मिनिटांत फोन आला.

"हे सगळे फोटो एकाच माणसाचे आहेत?"

"हो मॅडम. माझे सर आहेत."

"मग अजून कुणाला हाडाला हात लावू देऊ नकोस. घेऊन ये त्यांना."

सर तयार होईनात. सर्जनना हो म्हटलं होतं, दिलेला शब्द होता. ते आपल्या जागी बरोबर होते आणि सर्जनही बरोबर होते. त्यांच्यापुढे सरांनी अर्धाच माणूस ठेवला होता, अर्ध्या माणसावरून जे ठरवता येतं ते त्यांनी ठरवलं. मी हे परोपरीने सांगितलं. शेवटी काकू म्हणाल्या, "शब्द मी परत घेते त्यांच्याकडून फोन करून. तुम्ही बसचं बघा." आणि त्यांनी खरंच फोन केला.

इंदूरचा प्रवास मजेत झाला. बसमध्ये भूगोल चालतो, असा सरांचा नियम निघाला. डाव्या हाताने खिडकीचा गज धरून ते आसीरगडापासून सुरू झाले. घाटात एका जागी ते सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीत म्हणाले, "आता बघा, या बाजूला पडलेला थेंब ताप्तीला जाणार आणि त्या बाजूला पडलेला नर्मदेला."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मास्टरजी, और थूक दें तो किधर जाएगा?"

"पहले जुर्माना भरने जाएगा," सर मागे न वळता म्हणाले. कंडक्टरने त्यांच्याकडून सामानाचे पैसे घेतले नाहीत.

मॅडमच्या खोलीत मात्र सर एकदम विद्यार्थी झाले. हात मांडीवर, मुठी मिटलेल्या. मॅडम इंदुरी मराठीत भरभर बोलतात.

"बिडी? सिगारेट? तंबाखू?"

"काही नाही."

"या फोडांना बिडीचं फार प्रेम असतं म्हणून विचारलं. नक्की नाही?"

"खडू," सर म्हणाले.

"तो चालेल." मॅडमनी त्यांच्या मुठी स्वतः उघडल्या, तळवे बघितले, मग छातीवर बोट ठेवलं. सर अस्वस्थ झाले. म्हणाले, "मॅडम, आधी कुठला विषय घेणार? कागद दोन पिशव्यांत आहेत."

मी आदल्या दिवशी मॅडमना सगळं सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "सर, शाळेत जोडतास असतो ना? हा तसा समजा." आणि त्यांनी दोन्ही पिशव्या टेबलावर एकत्र उलट्या केल्या. सरांनी डोळे मिटून घेतले.

मॅडमनी त्यांना जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. असा एक आजार आहे, फार क्वचित दिसतो, ज्यात शरीराची सूज एकाच वेळी कातडीवरही उतरते आणि हाडातही. जंतू नसतो, गाठ नसते. शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या माणसांवर उठते. तळहात-तळपायांवर पू भरतो पण तो जंतूंचा नसतो. छातीच्या वरच्या हाडांना सूज येते आणि हळूहळू हाडावर हाड चढतं. याला सॅफो म्हणतात. सांधे, पुरळ, पुवाचे फोड, हाडाची वाढ आणि हाडाची सूज अशा पाच गोष्टींच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जोडून ते केलेलं आहे. डॉक्टरांची गफलत होते कारण रोगी कातडी एकाला दाखवतो आणि हाड दुसऱ्याला.

"सगळेच रोगी?" सरांनी विचारलं.

"पुष्कळसे. मुठी मिटून बसणारे तुम्ही पहिलेच."

मग हाडांचा स्कॅन झाला. शिरेत औषध सोडून घेतात, ज्या हाडात सूज असते ते चित्रात गडद उमटतं. चित्र समोर आल्यावर सरांनी चष्मा बदलला आणि आधी खालचा कोपरा बघितला.

"सूची कुठे आहे? गडद म्हणजे काय, फिकं म्हणजे काय, हे नको लिहायला? सूची नसलेला नकाशा म्हणजे फसवणूक."

मॅडमनी पेन घेऊन तिथल्या तिथे कोपऱ्यात सूची करून दिली. मग त्या म्हणाल्या, "आता छातीकडे बघा. हे मधलं हाड, ही दोन्ही बाजूंना वर गेलेली हासळीची हाडं. काय दिसतंय? या आजारात हे असं दिसतं आणि जगभरचे डॉक्टर त्याला एकाच नावाने ओळखतात. बैलाचं डोकं."

खरोखरच बैल होता. मधे तोंड, वर दोन शिंगं, उजवं शिंग जरा जास्त गडद.

मी जमिनीकडे बघत होतो, कारण वर बघितलं असतं तर हसलो असतो. सरांनी चित्र जवळ घेतलं, लांब धरलं.

"रवींद्र," ते म्हणाले, "वर्गातल्या किती जणांना सांगणार आहेस?"

"कुणालाच नाही सर."

"खोटं बोलतोस. सांग सगळ्यांना. ऐकायचा हक्क आहे त्यांचा."

मी सांगितलं. आमच्या बॅचच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

औषधं सुरू झाली. दुखण्याच्या गोळ्या, आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी, आणि काही महिन्यांनी एकदा शिरेतून थेंब थेंब देण्याचं हाडांचं औषध. त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात. सर म्हणाले, "दातही? हा जोडतास नाही, ही सहल आहे." आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर धोका असतो, म्हणून काकूंनी ती स्वतःच्या मसाल्याच्या कपाटात कुलपात ठेवली. रविवारी सकाळी त्या गोळी आणि पाणी घेऊन सिलेंडरजवळ उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या. ते का, हे मी विचारलं नाही.

हळूहळू फोड सुकले. मोजे सुटले. रात्री कूस बदलता यायला लागली, हे सरांनी नाही, काकूंनी फोनवर सांगितलं. ऑपरेशनचं नाव मागे पडलं. दर महिन्याचे रक्ताचे रिपोर्ट सर मला पाठवायचे, प्रत्येकावर स्वतः शेरा मारून: "समाधानकारक", "प्रगती आहे", एकदा तर "लिव्हरने अधिक लक्ष द्यावे". उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ते शाळेत परत गेले. शेवटचं वर्ष होतं.

पावसाळा संपता संपता मला आप्पांच्या कामासाठी बुऱ्हाणपूरला यावं लागलं. शाळेवरून जाताना वाटलं, डोकावून जावं. सरांना न सांगता मी व्हरांड्यात खिडकीच्या बाजूला उभा राहिलो. नववीचा वर्ग होता. फळ्यावर पांढऱ्यात सातपुडा काढून झाला होता, तोही नेहमीपेक्षा बसका. सरांनी खिशातून निळा खडू घेतला आणि हात वर नेला. खांद्याच्या थोडा वर जाऊन हात थांबला. त्यांनी टाचा उचलल्या. तरी कोपरा लांबच होता. टाचा खाली आल्या. मग त्यांनी खडू आहे तिथेच, फळ्याच्या साधारण मध्यावर टेकवला आणि तिथून नदी काढली. सुंदर काढली, एका दमात, सुरतेपर्यंत.

मग त्या सुरुवातीच्या जागी एक ठिपका देऊन त्यांनी शेजारी लिहिलं: बुऱ्हाणपूर.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, ताप्ती आपल्या गावातूनच निघते का?"

मला वाटलं, आता बैल येणार. पण सर खडूकडे बघत म्हणाले, "नाही बेटा. वरती मुलताईला निघते. ते तू मनात काढ." आणि तिच्याकडे पाठ करून खानदेश लिहायला लागले. मी तिथून निघून आलो. त्यांना शिकवताना मी पाहिलेलं ते शेवटचं.

आठ-दहा दिवसांनी इंदूरला सरांचं पोस्टकार्ड आलं. फोनवर ते तब्येतीचं विचारत नसत. अक्षर तेच, फळ्यावरचं. एवढाच मजकूर होता: "प्रश्न. माझा उजवा हात पुन्हा फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाईल काय? एका वाक्यात उत्तर द्या. सबबी नकोत."

मी मॅडमना विचारलं. आणखी दोघांना विचारलं. मग त्यांना हे पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

उत्तर: नाही, तुमचा हात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाणार नाही.

एका वाक्यात मागितलंत म्हणून एका वाक्यात लिहिलं. आता मार्क कापले तरी चालतील, पण पुढचं लिहितो. तुमची सूज उतरली आहे आणि ठणका गेला आहे, तो असाच गेलेला राहावा म्हणून औषध आहे. पण सूज असताना सांध्यावर जे नवं हाड चढलं ते औषधाने विरघळत नाही. सांधा तिथे जवळजवळ जुळून गेला आहे. मी तिघांना विचारलं, कारण मला तुम्हाला हो लिहायचं होतं. तिघांनी एकच सांगितलं. हात आता जाईल तो खांद्याच्या चार बोटं वर. तेवढा मात्र रोज जाईल आणि न दुखता जाईल. गोळी सोडली तर तेही सांगता येणार नाही, म्हणून निवृत्तीनंतरही सोडायची नाही. आजार गेलेला नाही, झोपला आहे.

मागे मी बुऱ्हाणपूरला आलो होतो तेव्हा खिडकीतून तुमचा तास पाहिला. न सांगता पाहिला, त्याबद्दल रागवा. तिथून निघालो आणि फाटकापर्यंत जाऊन परत आलो. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होता. मी आत गेलो आणि फळा पाहिला. तुमचं हाड मी इतके वेळा तपासलं, फळा एकदाही तपासला नव्हता. तो भिंतीतला नाही. दोन लाकडी पट्ट्यांवर बोल्टने बसवलेला आहे आणि खाली भिंत मोकळी आहे. हातभर तरी खाली येतो.

तुम्ही म्हणाल, एका माणसासाठी शाळेचा फळा हलवायचा नसतो. सर, त्या मुलीला ताप्ती मुलताईहून निघताना बघायची आहे. तिच्यासाठी हलवू. मुख्याध्यापकांशी मी बोललो नाही, तो तुमचा मान आहे. तुम्ही उद्याच बोला. त्यांनी नाही म्हटलं तर मला कळवा, मी डॉक्टर म्हणून लिहून देतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी पाना आणि नवे बोल्ट घेऊन येतो. आप्पाही येणार आहेत, फळा धरायला दोघं लागतात आणि त्यांचा खांदा माझ्यापेक्षा पक्का आहे. तुम्ही बोल्टला हात लावायचा नाही, पट्टी उचलायची नाही. फक्त भिंतीसमोर उभं राहायचं, खडू घ्यायचा आणि हात वर न्यायचा. टाचा जमिनीवर ठेवायच्या. हात जिथवर न दुखता जाईल तिथे भिंतीवर एक खूण करायची.

फळ्याची वरची कड आम्ही तिथे बसवू.

तुमचा विद्यार्थी,
रवींद्र